कृत्रिम झडप, रक्त पातळ ठेवणारी औषधे आणि आपले चिकित्सालय

हृदयाची झडप बदलण्याचे शस्त्रकर्म झालेले रुग्ण आता केवळ महानगरांतील रुग्णालयांतच दिसतात असे राहिलेले नाही. तालुक्याच्या गावी, लहान खेड्यातही असे रुग्ण आपल्या चिकित्सालयात येतात. ते हृदयाच्या तक्रारीसाठी येतातच असे नाही. कोणी संधिशूलासाठी येतो, कोणी मलावष्टंभासाठी, कोणी वंध्यत्वाच्या चिकित्सेसाठी, तर कोणी ‘रोजच्या गोळ्या बंद करता येतील का’ हे विचारण्यासाठी. या प्रत्येक प्रसंगी आपल्या हातून होणारी योजना, मग ती एखादे चूर्ण असो, लंघन असो वा पथ्याचा साधा उपदेश असो, त्या रुग्णाच्या रक्तस्कंदनाचा तोल हलवू शकते. हा तोल एका बाजूस ढळला तर झडपेवर गुठळी धरते आणि पक्षाघात होतो. दुसऱ्या बाजूस ढळला तर मेंदूत वा कोष्ठात रक्तस्राव होतो. म्हणून या औषधांचे स्वरूप वैद्यांना आणि औषधविक्रेत्यांना नीट ज्ञात असणे अगत्याचे आहे.

झडप का बदलतात आणि गुठळी का धरते

आपल्या देशात तरुण वयात झडप निकामी होण्याचे प्रमुख कारण संधिवातज्वरोत्तर हृद्रोग हेच आहे. बालपणी स्ट्रेप्टोकॉकस जातीच्या जंतूंमुळे घसा येतो, पुढे ताप आणि सांधेसूज येते, आणि अनेक वर्षांनी डाव्या बाजूची मायट्रल झडप जाड, अरुंद अथवा गळकी झाल्याचे आढळते. काहींत महाधमनीच्या मुखाशी असलेली झडपही बाधित होते. दुरुस्ती शक्य नसेल तेव्हा झडप बदलावी लागते.

अमेरिकेत १९६० मध्ये डॉ. अल्बर्ट स्टार यांनी अभियंता लोवेल एडवर्ड्‌स यांच्या साह्याने बनविलेली गोल चेंडूची झडप रुग्णाच्या हृदयात यशस्वीपणे बसविली. भारतात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली कलत्या चकतीची देशी झडप विकसित झाली आणि डिसेंबर १९९० मध्ये ती प्रथम रुग्णास बसविण्यात आली. याच वलियाथन यांनी पुढे आयुर्वेदाचा सखोल अभ्यास करून चरक, सुश्रुत आणि वाग्भट यांच्यावर इंग्रजीत तीन ग्रंथ लिहिले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. दोन्ही शास्त्रांकडे सारख्याच आदराने पाहणाऱ्या या शल्यविशारदाचा आदर्श प्रस्तुत विषयात आपल्यापुढे असावा.

झडपा मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. धातू व विशिष्ट कार्बनपासून केलेली यांत्रिक झडप दीर्घकाळ टिकते, परंतु तिचा पृष्ठभाग नैसर्गिक अंतःस्तराचा नसल्याने रक्त तिच्यावर गोठू पाहते. म्हणून तिच्यासाठी रक्तस्कंदनरोधक औषध आजन्म घ्यावे लागते. प्राण्यांच्या ऊतींपासून केलेल्या जैविक झडपेस असे औषध बहुधा आरंभीचे तीन ते सहा महिने पुरते, मात्र ती काही वर्षांनी झिजते. मायट्रल स्थानी रक्ताचा दाब व वेग कमी असल्याने तेथील यांत्रिक झडपेवर गुठळी धरण्याचा धोका महाधमनीच्या स्थानापेक्षा अधिक असतो. त्यात हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील तर तो आणखी वाढतो. रुग्णास ‘आपली झडप कोणती व कोठे बसविली आहे’ हा प्रश्न प्रथम विचारावा. उत्तर माहीत नसल्यास शस्त्रकर्माचा कागद मागवून पाहावा.

एका वनस्पतीपासून आलेले औषध

या औषधांचा इतिहास वैद्यांना विशेष रोचक वाटावा असा आहे. १९२०च्या दशकात कॅनडा व अमेरिकेच्या उत्तर भागांत गुरे अकस्मात रक्तस्रावाने मरू लागली. शिंगे कापणे वा खच्ची करणे यांसारख्या किरकोळ कृतीनंतरही रक्त थांबेना. पशुवैद्य फ्रँक स्कोफिल्ड यांनी हा दोष बुरशी लागलेल्या ‘स्वीट क्लोव्हर’ या गवताचा असल्याचे दाखविले. पुढे विस्कॉन्सिन येथे कार्ल पॉल लिंक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४०च्या सुमारास त्यातील कारक द्रव्य वेगळे केले. ते डायकुमरॉल होय. त्याच कुळातील वॉर्फरिन १९४८ मध्ये आधी उंदरांचे विष म्हणून बाजारात आले आणि १९५४ मध्ये मनुष्यासाठी औषध म्हणून मान्य झाले. आपल्याकडे याच वर्गातील असिनोकुमरॉल अधिक प्रमाणात वापरले जाते.

या कथेत एक सूक्ष्म बोध आहे. ताज्या गवतातील कुमरिन हे द्रव्य स्वतः रक्तस्कंदन रोखत नाही. बुरशीच्या क्रियेने त्याचे रूपांतर झाल्यावरच तो गुण येतो. म्हणजे एखाद्या वनस्पतीत कुमरिन वर्गाचे द्रव्य आढळते, एवढ्यावरून ती ‘रक्त पातळ करणारी’ ठरत नाही. संस्काराने गुणांतर होते हे आपले तत्त्व येथे प्रत्ययास येते. अशा तर्कावर विसंबून एखादी वनौषधी या गोळ्यांच्या जागी देणे सर्वथा अयोग्य होय.

‘रक्त पातळ होणे’ म्हणजे काय

हा शब्दप्रयोग रूढ असला तरी फसवा आहे. या औषधांनी रक्ताची घनता कमी होत नाही, रक्तकण घटत नाहीत आणि धातुक्षयही होत नाही. ‘गोळ्यांनी रक्त पातळ झाले, म्हणून अशक्तपणा आला’ ही रुग्णाची समजूत असते. तिला दुजोरा देऊन रक्तवर्धक कल्प सुरू करण्याचा मोह आपण टाळावा. प्रत्यक्षात बदलतो तो रक्त गोठण्यास लागणारा काळ.

यकृतात रक्तस्कंदनाचे दुसरा, सातवा, नववा आणि दहावा हे घटक ‘के’ जीवनसत्त्वाच्या साह्याने कार्यक्षम होतात. या क्रियेत वापरले गेलेले जीवनसत्त्व पुन्हा वापरण्याजोगे करणारे एक विकर असते. वॉर्फरिन व असिनोकुमरॉल त्या विकरास अडवतात. त्यामुळे नवे घटक अकार्यक्षम स्वरूपात तयार होतात. परंतु आधीपासून रक्तात असलेले घटक संपेपर्यंत परिणाम दिसत नाही. सातव्या घटकाचे अर्धायुष्य सुमारे ६ तासांचे, तर दुसऱ्या घटकाचे ६० तासांच्या आसपास असते. यास्तव मात्रा बदलल्याचा वा चुकल्याचा परिणाम त्याच दिवशी न दिसता दोन-तीन दिवसांनी दिसू लागतो आणि स्थिर होण्यास त्याहून अधिक काळ जातो. ‘दोन दिवस गोळी घेतली नाही, तरी काहीच झाले नाही’ हा रुग्णाचा अनुभव त्यामुळे दिशाभूल करणारा असतो.

अ‍ॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेल ही औषधे रक्तचक्रिकांवर कार्य करतात. ती यांत्रिक झडपेसाठी स्वतंत्रपणे पुरेशी नाहीत. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार यांत्रिक झडपेच्या १०० रुग्णांमागे एका वर्षात गुठळी सुटून गंभीर विकार होण्याचे प्रमाण औषधाविना सुमारे ४, केवळ चक्रिकारोधक औषधावर सुमारे २.२ आणि कुमरिन वर्गाच्या औषधावर सुमारे १ होते. नव्या पिढीतील, तपासणीची गरज नसलेल्या गोळ्याही येथे चालत नाहीत. डॅबिगॅट्रानचा या रुग्णांतील अभ्यास गुठळ्या व रक्तस्राव दोन्ही वाढल्याने थांबवावा लागला व २०१३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अपिक्साबानचा अभ्यासही २०२२ मध्ये मुदतीपूर्वी थांबविण्यात आला. म्हणून यांत्रिक झडपेच्या रुग्णास जुन्या औषधाला आजही पर्याय नाही.

आयएनआर : या चिकित्सेचे मोजमाप

रक्त गोठण्यास लागणारा प्रोथ्रॉम्बिन काळ निरनिराळ्या प्रयोगशाळांत वापरलेल्या अभिकर्मकानुसार वेगवेगळा येत असे. हा भेद दूर करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये आयएनआर ही समान पद्धती स्वीकारली. औषध न घेणाऱ्या निरोगी व्यक्तीत ही संख्या १च्या जवळ असते. महाधमनीच्या स्थानी आधुनिक द्विदल यांत्रिक झडप असून इतर धोका नसेल तर सामान्यतः २ ते ३, आणि मायट्रल स्थानी २.५ ते ३.५ ही मर्यादा राखली जाते. प्रत्येक रुग्णाची मर्यादा त्याचे हृद्रोगतज्ज्ञ ठरवितात. ती त्याच्या वहीत लिहिलेली असावी आणि आपणही आपल्या केसपेपरवर ठळक नोंदवावी.

एकच मात्रा सर्वांना लागू पडत नाही. एकास दिवसाला १ मिलिग्रॅम पुरते, तर दुसऱ्यास ४ मिलिग्रॅम लागतात. यकृतातील विकरांचे आनुवंशिक भेद, वय, वजन, आहार आणि सोबतची औषधे यांनुसार ती ठरते. काही रुग्णांना एक दिवसाआड भिन्न मात्रा असते. स्थिर रुग्णातही साधारण महिन्याने तपासणी होते आणि कोणताही बदल झाल्यास ती लवकर करावी लागते.

सात्म्य हाच आधार

या चिकित्सेचा गाभा एका वाक्यात सांगायचा तर असा : रुग्णाची मात्रा त्याच्या सात्म्य आहारावर बेतलेली असते. आहार स्थिर तर मात्रा स्थिर. ओकसात्म्याची आपली कल्पना येथे जशीच्या तशी उपयोगी पडते.

‘के’ जीवनसत्त्व मुख्यतः हिरव्या पालेभाज्यांत असते. कच्च्या पालकाच्या १०० ग्रॅममध्ये ते ४८० मायक्रोग्रॅमच्या आसपास, तर कोथिंबिरीत सुमारे ३१० मायक्रोग्रॅम असते. मेथी, शेवग्याचा पाला, माठ, अळू, कोबी हेही याच वर्गात येतात. यावरून ‘पालेभाजी बंद’ असा सल्ला दिला जातो, तो बरोबर नाही. ज्याच्या आहारात हे जीवनसत्त्व अत्यल्प असते, त्याचा आयएनआर थोड्याशा फरकानेही मोठे हेलकावे घेतो. पालेभाजी बंद न करता तिचे प्रमाण आठवड्याच्या हिशेबाने सारखे ठेवणे हेच पथ्य.

आपल्या महाराष्ट्रात हे सारखेपण ऋतू आणि व्रते यांमुळे मोडते. चातुर्मासात श्रावणात शाक वर्ज्य करण्याची प्रथा अनेक घरांत आहे. नियमित पालेभाजी खाणाऱ्याने ती महिनाभर सोडली, वर उपवासांनी जेवण घटले, तर आयएनआर वाढून रक्तस्रावाचा धोका उत्पन्न होतो. उलट, हेमंत-शिशिरात मेथी, पालक, चंदनबटवा, हरभऱ्याचा पाला मुबलक मिळू लागला, अथवा कोणी सांगितल्यावरून रोज सकाळी हिरव्या पानांचा पेलाभर रस सुरू झाला, तर आयएनआर उतरतो आणि झडप धोक्यात येते. नवरात्राचे नऊ दिवसांचे उपवास आणि वारीच्या काळात बदललेले जेवण व चुकलेल्या गोळ्या यांचाही असाच विचार करावा.

व्रत मोडा असे सांगण्याचे कारण नाही. व्रताआधी व व्रताच्या पहिल्या आठवड्यानंतर आयएनआर तपासून घ्या, हे सांगणे पुरेसे आहे. आहार बदलणे आवश्यकच असेल तर चरकाचार्यांनी सात्म्य पालटण्यासाठी सांगितलेला पादांशिक क्रम अवलंबावा. बदल पायरीपायरीने करावा आणि प्रत्येक पायरीनंतर तपासणी व्हावी. अतिसार, वमन, दीर्घकाळचा ज्वर, अरुची आणि मद्यपान यांनीही आयएनआर अनपेक्षितपणे वाढतो, हे ध्यानात असावे.

आपली द्रव्ये आणि संयोग

चरकसंहितेत विरुद्धाचे अठरा प्रकार वर्णिले आहेत. दोन औषधांच्या परस्परपरिणामाकडे पाहताना त्यांतील संयोगविरुद्ध, मात्राविरुद्ध आणि अवस्थाविरुद्ध या कल्पना आपल्याला चांगली दिशा देतात. प्रत्येक द्रव्य हितकर असूनही विशिष्ट रुग्णात, विशिष्ट संयोगात ते अहितकर ठरू शकते.

लशुन, आर्द्रक, हरिद्रा आणि गुग्गुळ यांच्या अर्कांनी प्रयोगशाळेत रक्तचक्रिकांच्या एकत्र येण्यास अडथळा होतो असे आढळले आहे. स्वयंपाकातील नित्याचे आले-लसूण-हळद हा रुग्णाच्या सात्म्याचाच भाग असल्याने त्यांची भीती नको. प्रश्न येतो तो लशुनाच्या कॅप्सूल, हळदीचे संहत अर्क अथवा गुग्गुळाचे कल्प औषधी मात्रेत नव्याने सुरू होतात तेव्हा. येथे आणखी एक सापळा आहे. चक्रिकांवरील परिणाम आयएनआरमध्ये दिसत नाही. अहवाल ठीक असूनही रक्तस्राव होऊ शकतो.

पिप्पली व मरिच यांतील पायपेरीन अन्य औषधांचे शोषण वाढविते आणि त्यांचे विघटन मंदावते. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत १९७० व १९८०च्या दशकांत त्रिकटूच्या या योगवाही गुणावर महत्त्वाचे कार्य झाले. फेनिटॉइन, प्रोप्रॅनोलॉल व थिओफायलिन यांची रक्तातील पातळी पायपेरीनने वाढल्याचे मानवी अभ्यासांत दिसले आहे. त्रिकटू आपल्या असंख्य कल्पांत आहे, हे सांगणे नलगे. याउलट गुग्गुळाच्या अर्काने प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम यांचे शोषण घटल्याची नोंद आहे. म्हणजे संयोगाचा परिणाम दोन्ही दिशांनी होऊ शकतो.

यष्टिमधूचा प्रश्न वेगळा आहे. दीर्घकाळ व अधिक मात्रेत दिल्यास ते शरीरात पाणी व क्षार धरून ठेवते, रक्तदाब वाढविते आणि पोटॅशियम घटविते. झडपेच्या अनेक रुग्णांना मूत्रल औषधे व डिगॉक्सिन चालू असते. पोटॅशियम घटल्यास डिगॉक्सिनची विषलक्षणे उद्भवू शकतात.

अर्जुनाविषयी रुग्ण हमखास विचारतात. अर्जुन हृद्य आहे याबद्दल दुमत नाही, परंतु यांत्रिक झडपेवर गुठळी धरू न देणे हे त्याचे कार्य नव्हे. ‘अर्जुनसिद्ध क्षीर घ्या आणि गोळ्या सोडा’ हा सल्ला कोणत्याही वैद्याच्या मुखातून जाता कामा नये.

उदाहरणादाखल, मायट्रल झडप बदललेली पस्तिशीतील एक स्त्री जानुशूलासाठी आली असे समजू. तिला एकाच वेळी गुग्गुळ कल्प, त्रिकटुयुक्त चूर्ण आणि रसायन अवलेह दिला, तर पुढे आयएनआर बदलल्यास कारण कोणते हे कळणार नाही. अशा रुग्णात बाह्योपचारांस प्राधान्य द्यावे. आभ्यंतर औषध आवश्यक असल्यास एका वेळी एकच, शक्यतो घटक स्पष्ट असलेले निवडावे. ते सुरू केल्यावर ५ ते ७ दिवसांनी आयएनआर पाहावा. औषध थांबवितानाही तसेच करावे, कारण थांबविणे हाही एक बदलच आहे. या योजनेची माहिती हृद्रोगतज्ज्ञास चार ओळींच्या चिठ्ठीने कळवावी.

पंचकर्म व अन्य कर्मे

आयएनआर उपचारमर्यादेत असलेला रुग्ण रक्तमोक्षणास अपात्र समजावा. जलौकेच्या लालेतील रक्तस्कंदनरोधक गुण हेक्राफ्ट यांनी १८८४ मध्ये दाखविला आणि पुढे त्यातील हिरुडिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. ते थ्रॉम्बिनला थेट अडविते. आधीच स्कंदन मंदावलेल्या रुग्णात दंशस्थानाचा स्राव आटोक्यात ठेवणे कठीण जाते. सिरावेध, प्रच्छान यांनाही हेच लागू.

वमन व विरेचनाने आहार, शोषण आणि क्षारांचा तोल एकदम बदलतो, म्हणून ती टाळावीत. बस्तिनेत्राने गुदमार्गास इजा होऊ शकते. नस्यानंतर नासागत रक्तस्राव संभवतो. अभ्यंग मृदू असावा. जोराच्या मर्दनाने स्नायूंत रक्त साचते. स्नायूत सुई टोचणेही शक्यतो टाळावे.

अर्श-भगंदरासाठी क्षारसूत्र वा क्षारकर्म करणाऱ्या वैद्यांनी, तसेच दात काढणाऱ्या दंतवैद्यांनी, ‘चार दिवस गोळी बंद करून या’ असे परस्पर सांगू नये. गोळी थांबवावी का, किती दिवस, आणि मध्यंतरी हेपॅरिनची इंजेक्शने द्यावीत का, हा निर्णय हृद्रोगतज्ज्ञाचा आहे. शिवाय दात व हिरड्यांवरील कर्मापूर्वी झडपेचे जंतुसंक्रमण टाळण्यासाठी त्यांच्या सल्ल्याने प्रतिजैविकाची मात्रा द्यावी लागते.

स्त्री-रुग्णांविषयी

संधिवातज्वरोत्तर हृद्रोग तरुण स्त्रियांत पुष्कळ आढळत असल्याने हा भाग विशेष महत्त्वाचा आहे. या औषधांवर असताना अनेकींना रजःस्राव अधिक होतो. असृग्दर समजून स्तंभन द्रव्ये देण्यापूर्वी आयएनआर व रक्तवर्ण पाहावे आणि स्त्रीरोगतज्ज्ञाचे मत घ्यावे. स्रावास घाबरून रुग्ण स्वतःच गोळ्या सोडते. हा धोका तिला व तिच्या घरच्यांना स्पष्ट सांगावा.

गर्भधारणेच्या ६ ते १२ या आठवड्यांत वॉर्फरिन वर्गाच्या औषधाने गर्भाच्या नाकाच्या व अस्थींच्या वाढीत व्यंग येऊ शकते. मात्रा जितकी अधिक तितका हा धोका अधिक. दुसरीकडे, गर्भावस्थेत रक्त गोठण्याची प्रवृत्ती स्वभावतः वाढते, त्यामुळे गोळी एकाएकी सोडणे मातेच्या जिवावर बेतते. म्हणून अशा स्त्रीस वंध्यत्वाची चिकित्सा सुरू करण्यापूर्वीच हृद्रोगतज्ज्ञ व प्रसूतितज्ज्ञ यांच्याशी विचारविनिमय व्हावा. पाळी चुकताच त्याच आठवड्यात तपासणी करून त्यांच्याकडे जाण्यास सांगावे.

लक्षणे ओळखताना

या रुग्णातील रक्तपित्ताचा विचार नेहमीच्या संप्राप्तीने करू नये. हिरड्यांतून, नाकातून, मूत्रावाटे वा गुदमार्गे रक्त आले, अंगावर निळे डाग उठले, तर वासा, दूर्वा, लोध्र यांची योजना करीत बसण्यात वेळ जातो. त्याच दिवशी आयएनआर पाहणे हे पहिले कर्तव्य होय. रक्तस्राव नसतानाही आयएनआर ५च्या वर गेला असेल, तर त्याच दिवशी तज्ज्ञास कळवावे.

काळा मल हे ऊर्ध्वकोष्ठातील रक्तस्रावाचे चिन्ह आहे, परंतु लोह व मंडूर कल्पांनीही मल काळा होतो. या रुग्णांत असे कल्प दिल्यास एक महत्त्वाचे चिन्ह झाकले जाते, याची जाणीव ठेवावी. पांडुत्व आढळल्यास गुप्त रक्तस्रावाबरोबरच झडपेवर आपटून वा तिच्या कडेच्या गळतीने रक्तकण फुटत नाहीत ना, हेही पाहावे लागते. डोळ्यांत पिवळेपणा असल्यास हा संशय बळावतो.

झडपेच्या रुग्णातील ज्वर हा नुसता ज्वर नव्हे. काही दिवस टिकणारा ताप आणि थंडी ही झडपेवरील जंतुसंक्रमणाची सूचना असू शकते. काढा देऊन वाट पाहणे, अथवा कोणतेही प्रतिजैविक घाईने सुरू करणे, दोन्ही चूक. प्रतिजैविकापूर्वी रक्ताचे जंतुसंवर्धन होणे आवश्यक असते.

यांत्रिक झडपेचा बारीक ‘टिक्’ असा आवाज रुग्णास व कधी शेजारी झोपणाऱ्यासही ऐकू येतो. हा आवाज मंद झाला वा नाहीसा झाला आणि सोबत श्वास लागू लागला, तर झडप अडकल्याचा संशय घेऊन रुग्णास तत्काळ हृदयशस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे. तोंड वाकडे होणे, वाणी अडखळणे, एका बाजूची शक्ती जाणे, अकस्मात तीव्र शिरःशूल, डोक्यास मार लागणे (जखम दिसत नसली तरी) या सर्व प्रसंगी चिकित्सालयात थांबवून ठेवू नये.

औषधविक्रेत्यांची भूमिका

पुष्कळदा रुग्ण वैद्याआधी औषधाच्या दुकानात पोहोचतो. तेथे पुढील काळजी घेतली तर अनेक आपत्ती टळतात.

१. असिनोकुमरॉलच्या १, २, ३ व ४ मिलिग्रॅमच्या गोळ्या येतात. देताना ताकद चिठ्ठीशी ताडून पाहावी आणि रुग्णास मोठ्याने वाचून दाखवावी. शक्यतो नेहमीचीच कंपनी द्यावी. बदलावी लागल्यास तसे स्पष्ट सांगून आयएनआर तपासण्यास सुचवावे.

२. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन यांसारखी वेदनाशामके डॉक्टरांच्या चिठ्ठीविना देऊ नयेत. पॅरासिटामॉल त्यामानाने सुरक्षित असले तरी अनेक दिवस नियमित घेतल्यास आयएनआर वाढू शकतो.

३. मेट्रोनिडाझोल, को-ट्रायमॉक्साझोल व फ्लुकोनाझोल यांनी आयएनआर वेगाने वाढतो. क्षयासाठीच्या रिफाम्पिसिनने तो उतरतो आणि ते थांबविल्यावर पुन्हा चढतो.

४. आयुर्वेदिक पेटंट औषध देतानाही ‘रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे का’ हा प्रश्न विचारावा. ‘वनस्पतीचे आहे, चालेल’ हे उत्तर देऊ नये.

५. या गोळ्या दुकानातून संपू देऊ नयेत. सणासुदीच्या सलग सुट्यांपूर्वी नेहमीच्या रुग्णास आठवण करून द्यावी.

६. मात्रा विसरल्यास त्याच दिवशी आठवताच घ्यावी. दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये, हे रुग्णाच्या मनावर बिंबवावे.

उपसंहार

यांत्रिक झडपेच्या रुग्णास आयुर्वेदाचे दार बंद आहे, असा या लेखाचा आशय नाही. अग्नी, निद्रा, मलप्रवृत्ती, मानस आणि दिनचर्या यांबाबत या रुग्णांना आपला आधार हवा असतो आणि तो देण्यास आपण समर्थ आहोत. मात्र तो आधार त्यांच्या गोळीस हात न लावता द्यावयाचा आहे. झडप कोणती हे विचारावे, आयएनआरची वही पाहावी, एका वेळी एकच बदल करावा, आठवड्याच्या आत तपासणी करवावी आणि तज्ज्ञास कळवावे. या पाच गोष्टींना खर्च नाही आणि विशेष साधनेही लागत नाहीत. दुपारच्या गर्दीत रुग्णाला आणखी दोन मिनिटे द्यावी लागतात एवढेच.

सर्व सभासदांनी आपल्या केसपेपरच्या पहिल्या पानावर ‘रक्तस्कंदनरोधक औषध : आहे / नाही’ अशी एक ओळ कायमची छापून घ्यावी, ही विनंती. ती ओळ भरण्याची सवय लागली की पुढचे प्रश्न आपोआप विचारले जातील.